गोंदण आणि ग्राफिक्स कार्ड

मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘संकलन’ हा शब्द येतो आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘संपादन’. इंग्रजीत दोन्ही कामांना ‘एडिटिंग’ हा एकच शब्द पुरतो. मराठीत दोन शब्द का रुळले याचा शोध घेण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु जुन्या पोथ्या, छापील प्रती आणि मुद्रितशोधन यांतच ज्याची उमेदीची वर्षे गेली, अशा माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकावर निवृत्तीनंतर चित्रफितींचे संकलन करण्याची वेळ आली, तेव्हा हे दोन शब्द मला फार काळ वेगळे ठेवता आले नाहीत. त्या दोहोंना एकत्र आणले ते साहित्याशी ज्याचा काडीचाही संबंध नाही अशा एका वस्तूने, म्हणजे संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाने. प्रस्तुत लेखन त्या कार्डाविषयी आहे; आणि त्याने माझ्यापुढे उभ्या केलेल्या, आपल्या पाठचिकित्सेला चांगल्याच परिचित असलेल्या एका प्रश्नाविषयी.

आधी सामग्रीविषयी सांगायला हवे. २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मी भोर तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांचे चित्रण केले होते. कॅमेरा एका सहकाऱ्याचा होता आणि फिती मिनी-डीव्ही प्रकारच्या. एकीवर साठ मिनिटे मावत, अशा चौदा. आत्या तेव्हा पंचाहत्तरीची होती. गावात पिठाची गिरणी येऊन बराच काळ लोटला होता आणि जाते उरले होते ते डाळ भरडण्यापुरते. पण दाणे नसताना नुसता खुंटा फिरवून ओवी येत नाही, असे तिचे म्हणणे होते. त्यामुळे प्रत्येक चित्रणाच्या वेळी खरेखुरे धान्य दळले गेले, आणि त्या पिठाच्या भाकरीही आम्ही खाल्ल्या. या ओव्यांचे संकलन किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकते हे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या कामामुळे अभ्यासकांना ठाऊक आहे. त्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. माझे काम त्या मानाने अगदीच घरगुती. एक बाई, एक जाते, चौदा तास.

पुढे २०२२ च्या दिवाळीत आत्याच्या नातवाने आपल्या मोबाइलवर तिचे आणखी दीड तासाचे चित्रण केले. आत्या नव्वदी ओलांडून गेलेली, जात्यापुढे नव्हे तर पलंगावर बसलेली. चित्रण फोर-के दर्जाचे, रंग स्वच्छ, चेहऱ्यावरची रेषान्‌रेषा स्पष्ट. २०२३ च्या ज्येष्ठात आत्या गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी घरच्यांनी एकत्र बसून पाहावी अशी तासाभराची चित्रफीत करायचे ठरले आणि जुने-नवे दोन्ही चित्रण माझ्याकडे आले. घरच्यांसाठी ती आठवण होती. माझ्यासाठी ते, त्याखेरीज, एकाच गायिकेने सतरा वर्षांच्या अंतराने गायिलेल्या ओव्यांचे दोन पाठ होते.

माझा संगणक २०१४ साली जुळवून घेतलेला, इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. प्रोसेसरला चार गाभे, आठ जीबी रॅम आणि चित्रे दाखवण्याची सोय प्रोसेसरच्याच पोटात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. लेखन, टिपणे आणि जुन्या फिती संगणकावर उतरवून घेणे, एवढ्यासाठी तो उत्तम होता. २००५ चे चित्रण तो विनातक्रार दाखवी. मोबाइलवरचे चित्रण लावले की मात्र आत्याचा आवाज पुढे जाई आणि चेहरा मागे राही. काही सेकंदांनी चित्र थिजे, मग एकदम उडी मारून आवाजाला गाठू पाही.

याचे कारण समजून घेणे साहित्याच्या माणसालाही अवघड नाही. डीव्ही चित्रणाच्या एका फ्रेममध्ये आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल असतात. फोर-के फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. हे प्रमाण बरोबर वीसपट आहे. पण खरी अडचण आकारमानाची नव्हे, लेखनपद्धतीची. डीव्ही फितीवर प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे आणि संपूर्ण नोंदलेली असते. म्हणून तासाभराच्या चित्रणाला सुमारे १३ जीबी जागा लागते. मोबाइलमधले चित्रण एचईव्हीसी नावाच्या, २०१३ साली प्रमाणित झालेल्या पद्धतीने साठवलेले होते. त्यात थोड्याच फ्रेम पूर्ण लिहिलेल्या असतात. बाकीच्यांत शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच नोंदलेले असते. पहिली पद्धत म्हणजे प्रत्येक पानावर सगळा मजकूर लिहून काढणारा लेखनिक. दुसरी म्हणजे ‘मागील पानाप्रमाणेच, फक्त तिसऱ्या ओळीत अमुक फरक’ एवढेच लिहून कागद वाचवणारा. दुसऱ्याची पोथी आटोपशीर होते हे खरे. पण तिच्यातले मधलेच एखादे पान वाचायचे झाले तर आधीची पाने उलगडावी लागतात. आणि संकलन म्हणजे सतत मधलेच पान वाचणे. सेकंदाला तीस फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमसाठी तेहतीस मिलिसेकंद मिळतात. माझ्या संगणकाला तेवढ्यात ते गणित उरकत नव्हते.

ग्राफिक्स कार्ड हे काम वाटून घेते. ते मुळात खेळांसाठी जन्माला आले. पडद्यावरच्या लक्षावधी पिक्सेलवर एकच साधे गणित एकाच वेळी करायचे असेल तर चार हुशार कारकुनांपेक्षा शेकडो साधे कारकून बरे, या तत्त्वावर ते चालते. एनव्हिडियाने १९९९ साली आपल्या जीफोर्स २५६ या कार्डाची जाहिरात ‘जीपीयू’ या नावाने केली आणि ते नाव रूढ झाले. २००७ मध्ये त्याच कंपनीने कुडा नावाची प्रणाली उपलब्ध करून दिली, तेव्हापासून या कारकुनांच्या फौजेला चित्रांखेरीज इतरही गणिते सांगणे सोपे झाले. संकलनाच्या आज्ञावल्यांनी त्याचा लाभ लवकरच घेतला. अडोबी प्रीमियरच्या २०१० सालच्या आवृत्तीत रंगदुरुस्ती आणि दृश्यपरिणामांची बरीचशी कामे कार्डाकडे सोपवली गेली. शिवाय आजच्या कार्डांवर चित्रण उलगडण्याचा आणि पुन्हा बांधण्याचा असे दोन वेगळे विभाग असतात. ते दुसरे काही करत नाहीत. पण मघाच्या ‘मागील पानाप्रमाणे’ पोथीचे वाचन झपाट्याने करतात.

कार्ड न घेताही काम निभावले असते, हे येथे नमूद करायला हवे. मोठ्या चित्रणाची लहान, हलकी नक्कल करायची, तिच्यावर सगळे संकलन करायचे आणि शेवटी मूळ चित्रण जोडून द्यायचे, ही पद्धत व्यावसायिक लोकही वापरतात. नुसती कापाकापी करायची असती तर मीही तेच केले असते. पण मला ओठांची हालचाल आणि हाताची गती बारकाईने पाहायची होती, दोन काळची दृश्ये शेजारी शेजारी लावून पाहायची होती आणि जुन्या चित्रणाचे उडालेले रंग थोडे सावरायचे होते. नकलेवरून पाठभेद नोंदवणे मनाला पटेना.

पुण्यात अशा खरेदीसाठी पावले तपकीर गल्लीकडे वळतात. तेथल्या दुकानदाराने मला व्हिडिओ कसला, किती लांबीचा, हे काहीएक विचारले नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, “सर, एसएमपीएस कितीचा आहे?” संगणकाच्या पेटीतला वीजपुरवठा करणारा डबा हा माझ्या विचारात कधी आलेलाच नव्हता. त्याने पेटी उघडायला लावली आणि आतल्या वायरी बोटांनी चाळून पाहिल्या. मदरबोर्डवरच्या मोठ्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळू शकते. त्याहून अधिक खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी सहा किंवा आठ पिनांची वायर द्यावी लागते, आणि माझ्या डब्यात तशी वायरच नव्हती. इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था सप्टेंबर २०२२ मध्ये बदलली आणि त्याच्या खाणकामाला जुंपलेली पुष्कळ मोठी कार्डे वापरलेल्या मालाच्या बाजारात आली. तसे एक धिप्पाड कार्ड त्याच्या काउंटरवर होते, किंमतही मोहात पाडणारी होती. ते त्याने स्वतःच बाजूला सारले. “हे तुमच्या पेटीत मावणार नाही आणि मावलं तरी चालणार नाही,” तो म्हणाला. “आणि सर, कार्ड एकटं काही करत नाही. रॅम सोळा करा, एक एसएसडी टाका, मग कार्डाचा उपयोग.”

त्याच्या सल्ल्याने जीटीएक्स १६५० हे चार जीबी स्मृतीचे नवे कार्ड घेतले. हे २०१९ सालचे मॉडेल, स्लॉटमधल्या ७५ वॉटांत भागणारे. त्यात ८९६ लहान गाभे असतात. कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचे आणि माझ्या बोर्डावरचा स्लॉट दुसऱ्या पिढीचा. पण या दोन पिढ्यांचे एकमेकांशी जमते. जुन्याच्या चालीने नवे चालते, एवढेच. माल नेण्या-आणण्याचा वेग सेकंदाला सोळाऐवजी आठ जीबीच्या आसपास राहतो. माझ्या कामाला तेवढा पुरेसा होता. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. माझ्या जुन्या मॉनिटरला निळ्या टोकाची व्हीजीए वायर होती आणि नव्या कार्डावर तिला जागाच नव्हती. अ‍ॅनालॉग संकेत देणे या कार्डांनी कधीच सोडून दिले आहे. त्यासाठी एक छोटा कन्व्हर्टर आणखी घ्यावा लागला. जुन्या यंत्रात नवा भाग बसवताना त्या भागाची ताकद सर्वांत शेवटी विचारात येते. आधी वीज, मग जागा, मग जोडणी. हे मला त्या गल्लीत समजले, आणि भाषांतराविषयी वर्गात बोलताना याहून नेमके उदाहरण मला कधी सुचले नव्हते.

कार्ड बसल्यावर आत्याचा चेहरा आणि आवाज एकत्र चालू लागले. एवढ्याने काय साधले, असे कोणी विचारील. पहिल्याच आठवड्यात जे दिसले ते सांगतो. २००५ च्या चित्रणात आत्या ओवीच्या एका ठरावीक जागी थांबते. लिखित संग्रहात ही जागा दिसत नाही. तेथे चरण सलग छापलेले असतात. पडद्यावर पाहिले की कळते, त्या क्षणी तिचा डावा हात जात्याच्या तोंडात धान्याची मूठ टाकत असतो. ओवीचा विराम छंदाने ठरवला की मुठीने, हा वादाचा विषय होईल. पण दोन्ही एकाच जागी येतात एवढे निश्चित. मग मी २०२२ चे चित्रण शेजारी लावले. पलंगावर बसलेल्या आत्यापुढे जाते नाही, दाणे नाहीत. तरी तिचा उजवा हात चादरीवर लहानसे वर्तुळ काढत फिरतो आहे; आणि त्याच ठरावीक जागी ती थांबते, डावा हात किंचित उचलला जातो, रिकामी मूठ उघडते. दाण्यांवाचून ओवी येत नाही, असे जी म्हणत असे तिने दाण्यांची जागा हाताला सांभाळायला लावली होती. थिजणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या चित्रात हे दिसणे शक्य नव्हते. पाहण्याची ही सोय कार्डाने दिली आणि त्याचे ऋण मी मानतो.

परंतु त्याच कार्डाने दुसरीही एक सोय दिली. जुन्या, धूसर चित्रणाला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने स्पष्ट करून देणाऱ्या आज्ञावल्या आता सहज मिळतात. कार्डावाचून त्यांचा विचारही माझ्या संगणकावर करता आला नसता. आत्याच्या नातवाला २००५ चे चित्रण फार अंधुक वाटत होते. त्याने तशी एक आज्ञावली आणून दिली आणि दहा मिनिटांचा तुकडा आम्ही रात्रभर तिच्या हवाली केला. चार जीबीचे कार्ड अशा कामाला तोकडेच. पंख्याचा आवाज पहाटेपर्यंत येत होता.

सकाळी पाहिले तर चित्र खरोखरच लखलखीत झाले होते. लुगड्याचे काठ उठून दिसत होते, भिंतीवरच्या पोपड्यांनाही कडा आल्या होत्या. नातू हरखून म्हणाला, “काका, आजी काल शूट केल्यासारखी दिसतेय!” मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आत्याच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते. हनुवटीवर तीन हिरवट ठिपके. त्या दहा मिनिटांत ते ठिपके कधी होते, कधी नव्हते. मान वळली की पुसले जात, पुन्हा समोर आली की दोनच उमटत. वरच्या ओळीतला तिचा एक दात २००५ च्या आधीच पडलेला होता. नव्या चित्रात तेथे दात होता.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर यात काही नवल नाही. अशा आज्ञावल्या असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या असतात. धूसर पिक्सेलच्या जागी काय असावे हे त्या या शिकवणीवरून ठरवतात. हलत्या, दाणेदार चित्रातले तीन काळसर ठिपके त्यांना फितीवरचा दोष वाटतात. उघड्या तोंडात दात असणेच त्यांना संभवनीय वाटते. त्यांनी खोटेपणा केला असे म्हणता येणार नाही. त्यांनी सरासरी चेहरा दिला. आणि भोर तालुक्यातल्या, १९३० च्या सुमारास जन्मलेल्या, गोंदवून घेतलेल्या बाईचा चेहरा त्या सरासरीत बसत नव्हता.

मूळ नोंदीत नसलेला मजकूर मध्ये भरण्याच्या क्रियेला तंत्रज्ञ ‘इंटरपोलेशन’ म्हणतात. इंग्रजी पाठचिकित्सेतही हाच शब्द आहे, आणि मराठीत त्याला आपण ‘प्रक्षेप’ म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, दूर करून प्रत शुद्ध केली आणि या ग्रंथात पुढे कोणी आपली ओवी घालू नये असा स्पष्ट इशारा देऊन ठेवला. तो इशारा द्यावा लागला याचा अर्थच असा की घालणारे होते. ते दुष्ट नव्हते. बहुधा भाविक होते. त्यांना ग्रंथ अधिक चांगला दिसायला हवा होता. नातवालाही आजी अधिक चांगली दिसायला हवी होती.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून चालणार नाही. प्रक्षेप मुळीच नको असे म्हटले तर आत्याचे २००५ चे चित्रण आजच्या पडद्यावर धड पाहताच येणार नाही. डीव्हीची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोहोंत एक पन्नासांश सेकंदाचे अंतर. फिरत्या हाताच्या कडा आजच्या पडद्यावर फणीच्या दातांसारख्या दिसतात त्या यामुळे. त्या जुळवायच्या तर गाळलेल्या ओळी अंदाजाने भराव्या लागतात. रंगाचेही तसेच. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्ही चित्रणात रंगाची नोंद चार पिक्सेलमागे एकदाच असते. उरलेल्या तिघांचा रंग दाखवणारे यंत्र शेजारच्या नोंदींवरून काढते. म्हणजे आपण जिला ‘मूळ प्रत’ म्हणतो तीही थोडी भरलेली असतेच.

तरीही या दोन भरण्यांत मला भेद दिसतो, आणि तो पाठचिकित्सकाला सहज मान्य व्हावा. पहिल्या प्रकारात रिकामी जागा त्याच प्रतीतल्या शेजारच्या पुराव्यावरून भरली जाते. वरची ओळ, खालची ओळ, आधीचा क्षण, नंतरचा क्षण. लेखनिकाने अक्षर अर्धे खरडले असेल तर त्याच हाताची इतर अक्षरे पाहून आपण ते लावतो, तसे. दुसऱ्या प्रकारात भरण्याची सामग्री परक्या प्रतींतून येते. आणि कोणत्या प्रतींतून, हे सांगायला कोणीही उपलब्ध नसते. पहिल्यात अंदाज चुकला तरी तो या बाईविषयीचा अंदाज असतो. दुसऱ्यात अंदाज बरोबर दिसला तरी तो इतर कोणाविषयीचा असतो.

हा भेद नुसता चेहऱ्यापुरता राहिला नाही. नवव्या फितीवर एका जागी फितीचाच दोष आहे. दोन-अडीच सेकंद चित्राचे चौकोन होतात आणि आवाज नाहीसा होतो. नेमका तेथे ओवीचा एक संपूर्ण चरण गेला आहे. ती ओवी बहिणीच्या दारी आलेल्या भावाची आहे. २०२२ च्या चित्रणात आत्याने तीच ओवी पुन्हा गायिली आहे, आणि तेथे तो चरण स्वच्छ ऐकू येतो. आवाज थोडा थकलेला आहे, पण तोही आजच्या आज्ञावल्यांना तरुण करता येतो. चरण उचलून नवव्या फितीतल्या खिंडारात बसवायचा, ओठ दिसू नयेत म्हणून वर जात्याचे दृश्य ठेवायचे. पाच मिनिटांचे काम; प्रेक्षकांपैकी कोणालाही कळले नसते.

पण २०२२ च्या ओवीत दारी येणारा भाऊ नाही, लेक आहे. आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील, २०११ साली गेले. त्यानंतर तिच्या दारी माहेरचे असे आम्ही पुढच्या पिढीचेच येत राहिलो, आणि तिच्या थोरल्या मुलाने शहरातली नोकरी संपवून गावी घर बांधले. ओवीतला पाहुणा कधी बदलला, ठरवून बदलला की जिभेवर आपोआप आला, हे तिला विचारायचे राहिले. चित्रणे शेजारी लावून पाहीपर्यंत ती नव्हती. हरवलेला चरण दोन्ही वेळी एकच होता असे मानायला आधार नाही. तो बसवला असता तर भावाच्या ओवीत लेकाचा चरण शिरला असता. ओवी पूर्ण झाली असती, आणि सतरा वर्षांत त्या बाईच्या आयुष्यात जे घडले ते तिच्या ओवीतून पुसले गेले असते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिची एक रीत मला विद्यार्थी असल्यापासून प्रिय आहे. ज्या पाठाविषयी संपादकांची खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ काढलेली असते. जे श्लोक संहितेत घेतले नाहीत तेही फेकून दिलेले नाहीत; ते तळटिपांत, तारांकित करून, दिलेले आहेत. वाचकाला संहिताही मिळते आणि शंकाही मिळते. संकलनाच्या आज्ञावलीत नागमोडी रेघ नाही. पण काळा पडदा आहे, आणि त्यावर अक्षरे उमटवता येतात.

म्हणून नवव्या फितीतले खिंडार मी तसेच ठेवले. चौकोन झालेले चित्र दोन-अडीच सेकंद दिसते, आवाज थांबतो, पुढचा चरण सुरू होतो. ती ओवी संपल्यावर पडदा काळा होतो, ‘हीच ओवी, दिवाळी २०२२’ एवढी अक्षरे येतात, आणि पलंगावरची आत्या लेकाची ओवी गाते. जुन्या चित्रणाच्या ओळी जुळवल्या, रंग थोडे सावरले, जात्याच्या घरघरीत बुडालेला आवाज किंचित वर आणला. आणि हे सगळे केल्याचे शेवटच्या पाटीवर लिहिले. चेहऱ्याला हात लावला नाही.

नातवाशी यावर बरेच बोलणे झाले. त्याचे म्हणणे साधे होते आणि त्यात तथ्यही होते. “काका, हे पेपर वाचायला बसणाऱ्यांसाठी नाहीये. घरच्यांना आजी नीट दिसली पाहिजे.” मी त्याला रात्रभर खपून झालेला तुकडा पुन्हा लावून दाखवला आणि फक्त हनुवटीकडे पाहायला सांगितले. तो लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ते ठिपके बोटाने मोजत असे, हे त्यानेच मला पूर्वी सांगितले होते. तुकडा संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “राहू द्या जुनंच.” पाठचिकित्सेचा सिद्धान्त त्याला पटवावा लागला नाही. त्याच्याजवळ त्याची स्वतःची प्रत होती, आणि ती त्याने ताडून पाहिली.

मला काळजी वाटते ती ज्यांच्याजवळ अशी प्रत नसेल त्यांची. आणखी तीस वर्षांनी हे चित्रण पाहणाऱ्या कोणालाही आत्याच्या हनुवटीवर किती ठिपके होते हे आठवत नसेल. त्याला पडद्यावर जे दिसेल तेच प्रमाण. लोकसाहित्याच्या कितीतरी ध्वनिफिती आणि चित्रफिती आज घराघरांत आणि मराठीच्या विभागांच्या कपाटांत पडून आहेत. त्या संगणकावर आणण्याचे काम आता विद्यार्थीच करतील. त्यांच्याजवळची कार्डे माझ्या कार्डाहून कितीतरी समर्थ असतील आणि भरण्याची सोय अधिक बेमालूम असेल. त्यांना यंत्राचे ज्ञान देणारे पुष्कळ भेटतील. शुद्ध प्रत, मिश्र पाठ, प्रक्षेप हे शब्द मात्र त्यांना आपल्याच वर्गात भेटणार आहेत, आणि ते जुन्या पोथ्यांपुरते शिकवून भागणार नाही.

माझ्या संगणकाचे म्हणाल तर त्यावरच्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरला स्वीकारत नाही. मी त्याची इंटरनेटची जोडणी काढून टाकली आहे. संकलनाचे काम तो अजून करतो. चौदा फितींच्या मूळ फाइली, सुमारे १८२ जीबी, दोन वेगळ्या डिस्कवर आहेत आणि त्यांना कोणतीही आज्ञावली लावलेली नाही. दोन्ही डिस्कवर एक साधी मजकुराची फाइल आहे. कोणत्या फितीवर कोणत्या मिनिटाला काय गेले आहे, हे तिच्यात लिहिले आहे. पहिल्याच ओळीत नोंद आहे : हनुवटीवर गोंदणाचे ठिपके तीन, वरच्या ओळीत एक दात नाही.